खालच्या बाजूने

तिसऱ्या गव्हाच्या दाण्यावर दोरा तुटतो.
पहिल्या दोन दाण्यांवर नाही.
चौथ्यापर्यंत तो जातच नाही.
उमावती म्हणते, "तुम्ही बघा जरा,
खाणीवर एवढी धुडं दुरुस्त केलीत."

धुडांचं वेगळं असतं, बाय.
डंपर बिघडला की अख्ख्या पाळीला ऐकू यायचं.
मी ओसरीवर पेज जेवता जेवता सांगायचो,
पंप गेलाय की फिल्टर तुंबलाय.
खाण बंद पडली, कान रिकामे झाले.
हे मशीन मांजरासारखं गुरगुरतं
आणि चुकतं तेही न ओरडता.

कापड पांढरं सॅटिन.
आव्हेलिनाच्या नातीचा बाप्तिस्म्याचा झगा,
सुनेच्या लग्नाच्या गाऊनमधून बेतलेला.
म्हणजे दुसरं मिळणार नाही.
रविवारी सकाळी हवा. आज शुक्रवार.

उशीचा जुना अभ्रा रिंगमध्ये आवळला,
बोटानं वाजवून पाहिला, घुमटासारखा.
सुई काढली, नखावरून फिरवली,
नखावर पांढरा ओरखडा.
नवी घातली, चपटी बाजू मागे.
रीळ पाहिलं. म्हापशाच्या बाजारातलं,
तीन पावसाळे कपाटात घाम खाल्लेलं.
दोन्ही हातांत धरून ओढलं
तर तुटल्याचं बोटांनाही कळलं नाही.
तेही बदललं.

आता तुटत नाही.
आता अभ्रा उलटून पाहावा
तर खाली शेवयांचं घरटं,
पत्र्याला असं धरून बसलेलं
की ब्लेडनं सोडवावं लागलं.

पत्रा उघडला.
मला वाटलं, तांबडी धूळ निघेल.
आमच्याकडे ती सगळ्यातून निघते,
देवाच्या घंटेतून, लग्नाच्या अल्बममधून.
निघाला करडा कापूस,
उंदराच्या पिल्लाएवढा, मऊ.
ब्रशनं झाडला.
बॉबिनची डबी दोऱ्यावर लोंबकळवली,
हिसका दिला, चार बोटं उतरली आणि थांबली.
ठीकच होती ती.
तरी मी तिचा स्क्रू पाव फेरा पिळला.
वाईट केलं. परत फिरवला.

गाठी खाली दिसतात
म्हणून माणूस खालच्यालाच पिळतो.
आमच्या वर्कशॉपातही असंच चालायचं,
पण ते राहू दे.

रात्री अकराला, दिवा जवळ ओढून,
सहज फूट वर उचललं
आणि आत, फटीत, दोन तबकड्या
एकमेकींपासून दूर झाल्या.
टेकवलं, मिटल्या.
उचललं, उघडल्या.

म्हणजे फूट वर असतानाच दोरा आत शिरतो.
खाली असताना ओवला
तर तो नुसता मिटल्या ओठांवर पडून राहतो,
ताण नाही, धाक नाही,
हवा तेवढा खाली ओघळतो.

आणि या घरात दोरा मीच ओवतो.
तिला जवळचं दिसत नाही आताशा.
रोज संध्याकाळी, नीट, फूट खाली टेकवून,
कारण खाणीवर पहिला धडा तोच होता:
बकेट जमिनीला टेकल्याशिवाय
यंत्रात हात घालायचा नाही.
सदतीस वर्षं हात शाबूत राहिले त्या धड्यानं.

फूट वर. दोरा आत. फूट खाली.
तिसरा दाणा, चौथा, अख्खी लोंबी,
शेवटी नाव, पाच अक्षरं.
उमावती उठून आली, "काय होतं हो?"
"दोऱ्याचं होतं," मी म्हणालो.
खोटं नाही तसं.

तिनं चष्मा लावला,
पुढून एकदाच पाहिलं
आणि लगेच झगा उलटा केला.
उलट्या बाजूवर तळहात फिरवत राहिली,
बारीक गाठींवर, कापलेल्या टोकांवर.
मग जुन्या धोतराचा मऊ तुकडा काढला
आणि आतून, हातानं, टाचायला बसली.
"लोंबी लोक बघतील," म्हणाली,
"पोरीला ही बाजू लागणार."

सुई तिनं माझ्याकडे दिली.
मी ओवून दिली.