इस्टेट

मावशी चौतीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये
खोकल्याच्या गोळ्या पट्टीत भरायची,
म्हणून घरात तिला म्हणायचे
आमची इस्टेटवाली.
ती हसायची.
महिनाअखेरीला मात्र हसायची नाही.

आता तिची इस्टेट माझ्या मांडीवर,
साडीच्या दुकानाच्या पिशवीत:
पासबुक, दोन मुदतठेवी,
किसननगरच्या खोलीचं शेअर सर्टिफिकेट,
आणि आखीव कागदावरचं मृत्युपत्र,
कोपऱ्यात तेलाचा डाग.

कोर्टनाक्याला, झेरॉक्सवाल्याच्या वर,
ॲडव्होकेट रुक्साना मुकादम बसतात.
चष्मा कपाळावर नेऊन त्यांनी कागद नाकाशी धरला.
"ठाण्यात प्रोबेटची सक्ती नाही.
पण बँक अडून बसलीय, सोसायटीही. करून टाकू."
पापड करून टाकावेत तसं म्हणाल्या.
मग फी सांगितली,
आणि मी न विचारता,
दोन हप्त्यांत दिलीत तरी चालेल.

मसुद्यात पहिल्यांदा वाचलं: मयत इंदुमती.
पेपरातल्या चौकटीत ती कैलासवासी होती,
शेजारणींच्या तोंडी सुटली बिचारी.
इथे नुसती मयत
आणि मी अर्जदार.
हे नवं नातं चौदा पानं चाललं.
प्रत्येक पानाखाली मी सही केली.

साक्षीदार दोन. एक तिच्या आधीच गेलेले.
दुसरे विटाव्याला लेकीकडे,
पॅकिंगचे सुपरवायझर पिंगुळकर,
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
कागद हातात दिला तर सहीकडे बघेचनात,
कोपराच चाचपत राहिले.
"हा डाग माझा. कँटीनला वडे होते.
ओरडली होती माझ्यावर,
साहेब, आधी हात पुसा, मग सही करा."
वकीलबाई म्हणाल्या, काका, डाग शपथपत्रात घेता येत नाही,
सही ओळखा.
पण लिहून घेतलं त्यांनी,
पेन्सिलीनं, समासात.

मग जाहीर नोटीस. तमाम लोकांस कळविण्यात येते की,
कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांचे आत.

खरं सांगते,
मला वाटत होतं कुणीतरी घ्यावी हरकत.
एखादा दूरचा पुतण्या,
तिनं कधी न सांगितलेला एखादा माणूस.
माझ्याशिवाय कुणाचा तरी
हक्क असावा तिच्यावर,
खोटा का होईना.

सव्विसाव्या दिवशी एक बाई आल्या,
लोकमान्यनगरहून, सुगंधा खरात.
नोटिशीचं कात्रण चौघडी करून बटव्यात.
मुकादमबाईंनी पेन उघडलं.
"हरकत कसली हो? माझी बाकी आहे.
पोराच्या बारावीला घेतलेले दोन हजार.
दर पगाराला म्हणायची मी, ताई, पुढच्या महिन्यात.
ताई म्हणायच्या, हरकत नाही."

शंभराच्या वीस नोटा मोजल्या त्यांनी,
पुन्हा मोजल्या.
पावती मागितली. मिळाली.
वकीलबाईंनी येण्याच्या रकान्यात एक ओळ वाढवली,
आणि माझ्याकडे न बघता
पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला.

कोर्टात शिपायानं तीनदा पुकारा केला.
बाकावर एक माणूस जांभई देत होता,
तो दुसऱ्याच कामाचा निघाला.

आदेश झाला. बँक नरमली. सोसायटीनं नाव चढवलं.
मुदतठेवीच्या पैशांतून आधी
फीचा दुसरा हप्ता दिला.

राहिलं लाइटचं बिल.
ते अजून तिच्याच नावानं येतं,
बंद खोलीचं, तरी तीन युनिट.
देवापुढचा लाल बल्ब मी काढलेला नाही.

परवा मुकादमबाईंचा फोन आला,
"तेवढं नाव बदलून घ्या, म्हणजे फाइल बंद करते."

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या.