रवा

बाबालाल अत्तारच्या गाड्यावर
माझे कप मरतात.
आजवर तेवीस. सगळे उसाचे,
आरपार दिसणारे, देखणे,
आणि चहा पडला की
दहा मोजेपर्यंत गुडघ्यात वाकलेले.

"काय ओ मॅडम, आज तरी हुबा ऱ्हातोय का?"
किटली उंच धरूनच तो विचारतो.
विश्रामबागचे रिक्षावाले पैज लावतात
एका खारीची.
मी थर्मामीटर बुडवते. ब्याऐंशी.
माझा कप साठालाच हात टेकतो.

वहीत मी त्याला काचसंक्रमण म्हणते.
गाड्यावर म्हणतात, "बसला."

फेब्रुवारीत समडोळीला गेले,
धनपाल मगदूमांच्या गुऱ्हाळावर, रस आणायला.
काहिलीतला पाक वाफ्यात उतरला होता
आणि ते नुसतेच उभे होते फावडं टेकून.
मी म्हटलं, थंड पाणी शिंपडा की खालून, लवकर होईल.
त्यांनी माझ्याकडं बघितलं,
पाहुणी म्हणून सोडून दिलं.
"घाई केली की चिक्कट ऱ्हातोय, पोरी.
हितं जरा गरमच थांबवायचा.
मग रवा धरतोय.
रवा धरलेला गूळ
उन्हाळ्यात बी पाघळत न्हाई."

परतीच्या एसटीत मांडीवर पाच लिटरचं कॅन,
बुडाशी गळत होतं, ओढणी चिकट,
आणि मला सांगलीवाडी कधी गेली कळलं नाही.
मी साचा गार करत होते वीस सेकंदांत.
रेणूंना रांग लावायला
वेळच दिला नव्हता कधी.

एकशे दहा अंश. चार मिनिटं.
चिमूटभर शंखजिरं, विरजणासारखं.
कप निघाला तो धुकट, दुधाळ,
नखानं वाजवला तर कौलासारखा.

चोविसावा उभा राहिला.
चहा संपला, दुसरा ओतला, तोही संपला.
तातोबानं खारी न बोलता पुढं सरकवली.
मी ती न भिजवताच खाल्ली.

तेविसांतला एक मी शेणखताच्या ढिगात पुरला होता,
चार महिन्यांत त्याचा मागमूस नाही.
चोविसाव्याचा जुळा भाऊ त्याच ढिगात,
त्याच खोलीवर, सहा महिने.
काल उकरला.
आत एक गांडूळ आरामात बसलेलं.
कप तसाच.
काठावर माझ्याच हातचा नंबर, वाचता येईल इतका.

अनुदानाच्या अर्जात एक रकाना आहे :
वस्तू किती काळ टिकेल?
त्याखाली मी पेन्सिलीनं दुसरा आखला,
मग खोडला.
कागदावर रेघ उरलीच.

बाबालालनं बाकीचे बावीस तारेत ओवून टांगलेत,
एका तिरक्यात काडेपेट्या ठेवतो.
धुतलेला कप मी समोर ठेवला, मातीसकट झालेलं सगळं सांगितलं.
तो बराच वेळ फडक्यानं गाडाच पुसत राहिला.
"मग तोवर काचंतनंच घ्या," म्हणाला.

पेला भाजतो.
काठाला दोन बोटांनी धरून
मी फुंकर घालते,
आणि सवयीनं मोजत राहते,
सात, आठ, नऊ.