हलद

फोन वजनकाट्याच्या लोखंडावर पडला तेव्हा
कोपऱ्यात नखाएवढी भेग गेली
आणि कीबोर्डवरचा नेमका ळ मेला.
बाकी बाराखडी शाबूत.
तेव्हापासून दीड वर्षं
मी सांगलीच्या मार्केट यार्डातून हलद पाठवतो.
‘माल कोरडा आहे. उद्या सकाली कलवतो.’
घरी लिहितो, जेवायला वेल होईल.
बायको विचारते, दोडक्याचा का कारल्याचा?

सन्मती पुण्याला असते.
म्हणते, बाबा, नवा घ्या,
पन्नाशीत बोबडे झालात.
हप्ते मी भरते.
निम्मे, हे ती जरा थांबून म्हणाली.

खोटं कशाला बोलू, फोन थकलाय.
सौदा रंगात आला की बॅटरी तेरा टक्क्यांवर,
आणि बँकेनं कळवलंय,
पुढच्या महिन्यापासून आमचं ॲप तुमच्याकडं चालणार नाही.

म्हणून रविवारी, यार्ड बंद,
हरभट रोडला मुजावरांच्या दुकानात गेलो.
काउंटरवरच्या इर्शादनं माझा फोन चिमटीत धरला.
‘काका, चार्जिंगच्या भोकात काय हाय ह्ये?’
हळद, म्हटलं.
त्यानं टाचणीनं उकरली, काचेवर पिवळी चिमूट सांडली.
‘एक्सचेंजला सातशे.’
हळदीचे वेगळे धर, म्हटलं.
हसला, पण धरले नाहीत.

मग मी खिशातून दोन हळकुंडं काढली,
शनिवारच्या ढिगातली. एकाला कीड लागून गेलेली,
मोहरीएवढा डाग.
नव्या फोननं फोटो काढला
आणि बघतो तर सोनं!
असली हळद मी जन्मात तोलली नाही.
डाग कुठं गेला?
‘फोन आपला आपण सुधारतोय, काका.
तुमचा काढू? धा वर्षं मागं जाताय बघा.’

राजकोटच्या वसनजीभाईंना मी कधी भेटलेलो नाही.
सहा वर्षं ते माझ्या फोटोवर ट्रक भरतात.
एकदा लिहिलं होतं त्यांनी,
फोटोपेक्षा माल उजवा निघाला.
तो मेसेज मी पुसलेला नाही.
आमचे अण्णा रुमालाखाली बोटं दाबून भाव करायचे,
वर चेहरा कोरा, खाली करार.
बोट एकदा खोटं बोललं
की दुसऱ्या दिवशी हात कोण देणार?
वसनजीभाईंचा हात मी
ह्या मळक्या काचेखाली धरलाय.

‘सेटिंगमधनं बंद होतंय की,’ इर्शाद म्हणाला.
केलं बंद.
पुन्हा फोटो.
डाग आला, कान धरून आणलेल्या पोरासारखा,
नाइलाजानं.
रंग मात्र अजून जरा जास्तच पिवळा.
की माझेच डोळे
सहा वर्षं जुन्या काचेतून बघून विटले?
हळकुंड बघितलं, हा फोटो बघितला, तो बघितला,
पुन्हा हळकुंड.
शेवटी हळकुंडावरचाच विश्वास उडायला लागला,
तेव्हा ती दोन्ही खिशात टाकली
आणि येतो म्हणून बाहेर पडलो.

समोर भडंगाच्या दुकानापुढं उभा राहिलो.
कागदात भडंग घेतला, त्यातला लसूण आधी खाल्ला.
काटा थरथरायचा थांबेस्तोवर आकडा बोलायचा नाही
ही सवय तीस वर्षांची,
मागं माणसं कितीही ओरडू देत.
आत इर्शाद दुसऱ्या कुणाला तरी
धा वर्षं मागं नेत होता.

सन्मतीचा मेसेज आला: घेतला का?
बोटं पँटला पुसली, लिहिलं,
‘दोन तास बघितला. सगलं चांगलं आहे त्यात.
पण अजून कललं नाही.’

पाठवल्यावर वाचलं.
दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही.
बॅटरी अकरा टक्के होती.