सूचक

इथे निवडणुकीला चूंटणी म्हणतात.
चिमटा काढल्यासारखा शब्द.
चार पिढ्या बडोद्यात गेल्या तरी
तो ऐकला की मला दंड चोळावासा वाटतो.

रहमतुल्ला मलेक, महापालिकेचा निवृत्त वॉल्व्हमन,
संध्याकाळी आला, चपला जिन्यातच काढून.
एकतीस वर्षं पहाटे साडेपाचला
खांद्याएवढी उंच लोखंडी चावी घेऊन
तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचा.
अकरा आटे आमच्यासाठी,
अकरा आटे रस्त्यापलीकडच्या मोहल्ल्यासाठी.
दंगलीच्या वर्षी खिशात कर्फ्यूचा पास होता.
तेव्हाही अकरा.

"गुप्तेसाहेब, पोटनिवडणूक आहे, अपक्ष उभा राहतोय.
सूचक पाहिजे. ह्या बाजूचा."

ह्या बाजूचा.
मध्ये बारा पावलांचा रस्ता,
एक पोलीस चौकी,
आणि घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी.

मी सही केली.
वळणदार, हिशेबनीसाची सही,
खाली टिंब.

कुमुद आतून म्हणाली, "झालं का नाव मोठं?"
मग रात्रभर काही बोलली नाही.

चिन्ह म्हणून त्यानं नळ मागितला होता.
नळ चिठ्ठीत दुसऱ्याला गेला,
ह्याला मिळाली दारावरची घंटा.
गल्लीतली पोरं हसून लोळली:
घंटा मिळणार काकाला, घंटा!
पलीकडेही हसत होते, वेगळ्या कारणानं.
मतं फोडायला ह्याला पाकीट पोचलंय म्हणे, इकडून.
आमच्याकडे म्हणत, पाकीट तिकडून आलंय.
एकच पाकीट, दोन्ही बाजूंनी फुगलेलं.
आणि तो भाड्याच्या रिक्षात एकटाच बसून
भोंग्यात सांगत फिरायचा
की पाइप एकच आहे, बिडाचा, महाराजांच्या काळातला,
आणि मांडवीच्या अलीकडे तो कुजलाय.
असं भाषण कुणी करतं का?

मतदानाच्या दिवशी
बकुळाबेनचा हर्षिल, गळ्यात पक्षाचं उपरणं,
मला हात धरून बूथपर्यंत घेऊन गेला.
"दादा, पायरी जपून."
फार मायाळू मुलगा.
माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला रक्त त्यानंच दिलं होतं.
पुठ्ठ्याच्या आडोशामागे
घंटेसमोरचं बटण शेवटून दुसरं होतं.
मशीन लांबलचक वाजलं.
मी बाहेर आलो.
हर्षिल पायरीशीच उभा होता.

निकालाचा तक्ता बूथवार निघतो.
आमच्या बूथवर मतं पडली सातशे बारा.
मलेक रहमतुल्ला फकीरमहंमद: एक.
पलीकडच्या बूथवरही त्याला दोन आकडे गाठता आले नाहीत.

एक.

मतदारयादीत आमच्या घराची नावं दोन.
दोन दिवस आम्ही जेवलो, वर्तमानपत्राची पानं वाटून घेतली,
गॅसवाल्याला सुटे पैसे दिले,
आणि त्या आकड्याबद्दल
एकमेकांना काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी घंटा वाजली, खरीखुरी.
दारात रहमतभाई, हातात नानखटाईचा पुडा.
"डिपॉझिट गेलं, गुप्तेसाहेब.
पण तुमचं मत मी ओळखलं."
त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले.
चावीचे घट्टे अजून तळव्यावर होते,
हाताला टोचतील इतके टणक.

"बसा," मी म्हणालो.
दुसरं काही सुचलं नाही.

कुमुद तीन कप घेऊन बाहेर आली.
एक त्याच्यापुढे ठेवला, एक माझ्यापुढे,
बशीच्या कडेचा थेंब पदरानं टिपला,
आणि माझ्याकडे न बघता त्याला विचारलं,
"मांडवीजवळच्या त्या पाइपाचं
आता बघणार कोण?"