सतरा वह्या

गोळीबार चौकातल्या घरी, लोखंडी पेटीत, सतरा वह्या.
पहिल्या पानावर धोब्याचा हिशेब:
चादरी चार, परकर दोन, एक हरवला.

पडद्यावर तिचा एकेक शब्द इस्त्री केलेला.
इथे मात्र
'आज दिवसभर रडून राहिली मी.
डायरेक्टर म्हणे, वा.
खरंच काऊन रडली, कोणी पुसलं नाही.'

सिनेमाचा पंचविसावा आठवडा.
त्या तारखेला एकच ओळ:
'बाबानं माग विकला. तीनशेला. मले सांगितलं नाही.'

मग महिनाभर कोरं.
मग कूलरच्या वाळ्याचा भाव,
आणि एका माणसाचं नाव, इतकं गिरगटलेलं
की कागद फाटून
मागच्या पानावरचं दूधवाल्याचं देणंही गेलं.

संपादक फोनवर म्हणाले,
भाषा जरा शुद्ध करून घ्या,
वाचकांना नीलाक्षी हवी आहे.
वह्यांवर नाव गोदा पराते.
सतराही वह्यांवर.

मे महिना. घामानं बोटं घसरतात कळांवरून.
शेवटच्या वहीतलं शेवटचं पान:
'उद्या नळ चार वाजता येते म्हणे.
उठा लागते.'

मी टाइप करते, उठा लागते.
खाली लाल रेघ उमटते.
राहू देते.