डावा कान

चित्रात राजाची एकच बाजू होती, उजवी.
डावी कुणी पाहिलेलीच नव्हती.
मग हैबती चुलत्यानं माझ्या बापाला
तीन दिवस उंबऱ्यावर बसवलं
चहा-खारीवर,
आणि म्हशीच्या शिंगानं फाटलेला तो कान
जसाच्या तसा उचलला.

साताऱ्यात हे कुणाला ठाऊक नाही.
म्युझियमच्या दारातून दिसते
पगडी, तुरा, मिशी,
छातीशी संपलेला राजा.
हात नाहीत, म्हणून
हनुवटीखाली गांधीलमाश्या निवांत.

दरसाल परांची बांधून चढतो,
ब्रश दातात धरून.
पाठीशी अजिंक्यतारा,
खाली स्टँडवर पुकारा:
कोरेगाव, पुसेगाव, वडूज.
माणसं गाडीकडं पळतात,
वर बघायचं राहून जातं.

औंदा नवे साहेब म्हणाले,
तेवढा कान नीट कर, बरं दिसत नाही.
लांबीचा गोळा तळहातावर घेऊन
बराच वेळ बसलो.
सिमेंट तापलं होतं,
ताप आलेल्या माणसाच्या कानाइतकं.
मग लांबी गालावरच्या चिरेत भरली,
उरली ती डब्याच्या काठाला पुसली.
साहेबांनी खालून विचारलं, झालं का?
मी मान हलवली.
कशी हलवली, ते त्यांनी ठरवावं.

त्या कानानं बापाला ऐकू यायचं नाही.
काही सांगायचं असलं की आई
वळसा घालून उजवीकडं जायची.
राजाचं मला ठाऊक नाही.
पण परांचीवर वळसा घालायला
जागा कुठली?
तिथूनच म्हटलं,
येतो.