शिडी

रुनार तिसऱ्यांदा आलाय माझ्या शेडमध्ये,
या खेपेला गुनेवीला घेऊन.
नागू बेटावर एप्रिल म्हणजे अजून हातमोजे.

छत्तीस फुटी बोट ठोकळ्यांवर उभी,
शिडी लावूनच चढावं लागतं.
आत चार बिछाने, रॉकेलचा स्टोव्ह,
गॉटलंडपर्यंतचे नकाशे, कोपरे मुडपलेले.
रुनार लाकडावरून हात फिरवत राहतो,
बोलतो मात्र डिझेलच्या खर्चाबद्दल.

गुनेवी कप्पे उघडून बघते.
"सहा कप," म्हणते,
आणि त्यातले चार
पुन्हा आत, खोलवर सारते.
मुलं स्टॉकहोमला असतात. मी विचारत नाही.

दारापाशी ती लहानगी, सोळा फुटी.
ना छप्पर, ना इंजिन.
वारा पडला तर वल्हं मारायचं,
अंधाराच्या आत घर.
गुनेवी खाली येऊन तिच्यात बसते,
कोरड्या जमिनीवर,
सुकाणूचा दांडा काखेत धरून.
"थर्मास इथे राहील." एवढंच.

रुनार अजून वरच, मोठीच्या डेकवर.
तिथून त्याला खिडकीतून खाडी दिसते,
किनाऱ्यापासून वीतभर सुटलेला बर्फ.
"किती उन्हाळे धरायचे गं हिशेबाला?"

ती दांडा सोडते, उठते.
"उतर आधी," म्हणते,
"शिडी मी धरते."